शरणांची बैठक

बायकोचा हात मी भर दुपारी मोडला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. बैठकीत हे वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला अकरा शनिवार लागले. तुम्हाला तेवढं ताटकळत ठेवत नाही.

माझी पिठाची गिरणी होती, सोलापुरात, मागवाल्यांच्या वस्तीत. दोन्ही बाजूंनी हातमागांची खटखट, मधे माझ्या मोटरची घरघर, त्यामुळं आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलायचे. माझं ओरडणं त्यात खपून जायचं. बायका डबे घेऊन ओळीनं बसायच्या, मला अण्णा म्हणायच्या आणि मी जवळ गेलो की पदर नाकाला लावायच्या. पीठ उडतंय म्हणून लावतात, असं मी स्वतःला सांगायचो.

आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि दुपारी एकला मोटर बंद करून मी मागच्या बोळातल्या गुत्त्यात. आत शिरण्याआधी शर्टाची वरची गुंडी लावायचो, म्हणजे गळ्यातलं लिंग दिसायला नको. कुणाला दिसायला नको, ते विचारू नका. त्या गुत्त्यात मला ओळखत नाही असा माणूस नव्हता. का पितोस म्हणून कुणी विचारलं की मी दुष्काळाचं नाव सांगायचो. बाहत्तरचा दुष्काळ संपला, पाऊस पडला, ज्वारी पिकली, आणि माझं कारण तसंच राहिलं.

गिरणीच्या दगडांना दर आठ-दहा दिवसांनी टाकी लावावी लागते. म्हणजे छिन्नी-हातोडी घेऊन दगडावरच्या बुजलेल्या खाचा पुन्हा उठवायच्या. नाही उठवल्या तर दगड गुळगुळीत होतो, दाणा नुसता घासत राहतो, पीठ तापतं आणि त्याला करपट वास येतो. असल्या पिठाची भाकरी मोडते. टाकी लावायला हात स्थिर लागतो. माझा हात स्थिर व्हायला आधी दारू लागायची, आणि दारू पोटात गेली की टाकीची आठवण राहायची नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार होता.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गुत्त्यातून आलो आणि ताटावर बसलो. भाकरी उचलली तर तिचे चार तुकडे झाले.

"ही काय भाकरी हाय?" मी ओरडलो.

बायको समोर बसून काठवटीत दुसरी भाकरी थापत होती. काठवट म्हणजे आमची लाकडाची परात, जुनी, जड. ती मान वर न करता म्हणाली, "पीठच करपलंय की. टाकी लावा म्हणून चार बायका सांगून गेल्या."

खरं होतं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. थापण्यासाठी उचललेला तिचा उजवा हात मी मनगटाशी धरला, पिरगाळला आणि काठवटीच्या काठावर आपटला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी कडब्याचं वाळलेलं ताट मोडावं तसा आवाज आला. ती किंचाळली नाही. "साकु," एवढंच म्हणाली. आमच्या घरातल्या कानडीत साकु म्हणजे पुरे. पंगतीत वाढप्याला आपण हात आडवा करून सांगतो ना, तेच पुरे. पिठानं माखलेला हात मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली.

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. मी दारात दिसलो की ती पाट्यावरचा वरवंटा उचलायची आणि तांदळाच्या डब्यामागं नेऊन ठेवायची. मग खलातला बत्ता, मग उलथनं. वरवंटा तिला पेलायचा नाही, म्हणून फ्रॉकच्या ओच्यात घालून, पोटाशी धरून, वाकून चालायची. कित्येक महिने मला वाटत होतं, पोर भातुकली खेळते. त्या दुपारीही तिनं सगळं हलवलं होतं. काठवट तेवढी राहिली, कारण काठवटीत आई भाकरी थापत होती. हे मला फार उशिरा समजलं, आणि समजलं तेव्हा मी गिरणीत जाऊन मोटर चालू केली आणि तिच्या आवाजाआड रडलो.

तिसऱ्या दिवशी सासरे आले. अक्कलकोटच्या बाजूचे शेतकरी. घरी जाऊन त्यांनी लेकीचा प्लॅस्टरमधला हात पाहिला आणि तिथून सरळ गिरणीत. बायकांची ओळ बसलेली होती. त्यांनी स्वतःच्या हातानं मोटरचं बटण बंद केलं, पायातली वहाण काढली आणि माझ्या तोंडात मारली. डाव्या गालावर एक, उजव्या गालावर एक. मी हातोडी उचलली. उचलली होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी हातोडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"गड्ड्याला येतो मी," ते म्हणाले. संक्रांतीला आमच्या ग्रामदैवताची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. "तवर माज्या लेकीवर हात उचललेला कळला, न्हायतर तुमच्या तोंडाला वास आला, तर दोगींना घेऊन जानार. परत धाडनार न्हाय, जावईबापू. शरणार्थी."

आणि त्यांनी हात जोडले. आमच्यात भेटताना आणि निघताना 'शरणु शरणार्थी' म्हणतात. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी पाकिटावर शरणार्थ्यांच्या मदतीचं जादा तिकीट लावावं लागायचं, तेव्हा पोस्टात शेजारी मला चिडवायचे, "अण्णा, तुमच्या नावाचं तिकीट निघालंय की!" दिवसातून वीस वेळा हा शब्द माझ्या तोंडात असायचा आणि आयुष्यात मी कुणाला शरण गेलो नव्हतो. वहाण खाऊनही मी मनात सासऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

बायको त्यांच्याबरोबर तेव्हाच का गेली नाही, असं सगळे विचारायचे. "गड्ड्यापतूर बगते," एवढंच तिनं वडिलांना सांगितलं. माझ्याकडे दोन महिने होते. पहिले दोन दिवस मी थेंबाला शिवलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एकला पाय आपोआप बोळाकडे वळले. दोन दिवसांची उधारी शरीरानं एका बैठकीत वसूल केली. घरी येऊन मी कपाटाला लाथ मारली, आरसा फुटला. मुलगी काचा वेचायला वाकली तेव्हा बायकोनं तिला डाव्या हातानं मागं ओढलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. आरसा म्हणजे अंगावर हात नव्हे, असा मी मनातल्या मनात वकिली हिशेब केला.

पुढच्या आठवड्यात ती प्लॅस्टर दाखवायला दवाखान्यात जाऊन आली. संध्याकाळी माझ्यापुढं चहा ठेवून म्हणाली, "दवाखान्यातल्या सिस्टर सांगत हुत्या. दर शनवारी पाच वाजता त्या बोळाच्या पलीकडल्या शाळंत शरणांची बैठक असती म्हनं."

"कसले शरण?"

"आपलेच असतील की. शरण म्हंजे आनि कोन? जाऊन या. चार चांगली मानसं भेटतील."

आमच्यात शरण म्हणजे शिवाचे भक्त, संतमाणसं. मला कल्पना एकदम पसंत पडली. शरणांच्या संगतीत बसलेला जावई बघितला की सासऱ्यांची वहाण पायातच राहील. दारू सुटो न सुटो, दबदबा वाढेल. शनिवारी दुपारी मी नेहमीपेक्षा थोडी कमी प्यालो, आंघोळ केली, विभूतीचे तीन पट्टे ठळक ओढले, परीटघडीचं धोतर नेसलो आणि हातात नारळ, झेंडूचा हार आणि खडीसाखर घेऊन निघालो. बायको दारापर्यंत आली होती. एवढ्या दिवसांत ती दारापर्यंत आली नव्हती.

शाळेत दुसरीच्या वर्गात तीन माणसं बसली होती. मुलांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन. मी दारातूनच हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "शरणु शरणार्थी!"

तिघंही उठून उभे राहिले. त्यांतले चष्मेवाले म्हातारे कचेरीत कारकून होते, निवृत्त झालेले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले. "या, या," ते म्हणाले. "शरण आलो असं म्हणत दारातून आत आलेला माणूस मी पहिल्यांदा पाहतोय. निम्मं काम झालं तुमचं."

माझी छाती फुगली. हार घालायला मी भिंतीवर तसबीर शोधली, पण तिथं फक्त बाराखडीचा तक्ता होता. नारळ टेबलावर ठेवला आणि बाकावर बसलो. दुसरा एक विणकर होता, आमच्याच वस्तीतला, घरात तेलुगू बोलणारा. त्याला मी कुठंतरी पाहिलं होतं. तिसरा टांगेवाला, कोपऱ्यावरच्या टांगा अड्ड्यावरचा, मेंदी लावलेल्या दाढीचा.

कारकुनांनी सुरुवात केली. "मी दारुडा आहे. आज प्यालो नाही."

मला वाटलं, एखाद्या शरणाची कथा सांगतायत. मी मान डोलावली.

मग विणकर म्हणाला, "मी पन दारुडा हाय. आज प्यालो न्हाय." टांगेवाला म्हणाला, "मैं बी." आणि तिघं माझ्याकडे बघायला लागले.

"मी गिरणीवाला," मी म्हणालो.

"आणि?" कारकुनांनी मायेनं विचारलं.

"आनि काय? आमच्या घरात कांद्याची भजी झाली तरी शेजारी इचारतात. दारूचं नाव बी काढू नका."

विणकर हसला. वाईट हसला नाही, आता मला कळतं. म्हणाला, "अण्णा, सा म्हैन्यामागं गुत्त्यात तुमीच माज्या शेजारी बसून रडत हुता की."

मी टेबलावरचा नारळ उचलला आणि त्याच्या कपाळावर घातला. नेम धरून, पूर्ण ताकदीनं, गिरणीत पोती उचलणाऱ्या हातानं. तो बाकासकट मागं कोसळला. भुवईपासून कानापर्यंत रक्त आलं, बाकावर कुणा पोराची पाटी राहिली होती तिच्यावर ठिबकायला लागलं. कारकून मधे पडले तर मी त्यांचा चष्मा उडवला. मग टांगेवाल्यानं मागून माझे दोन्ही हात पकडले, बिथरलेल्या घोड्याला पाडतात तसा मला फरशीवर पाडला आणि पाठीवर गुडघा रोवून बसला. "हौ, हौ," तो म्हणत होता, "पहिले दिन सबको ऐसाच होताय. नक्को हिलो."

नारळ फरशीवर पडून फुटला होता. मी आई-बहिणीवरून शिव्या देत होतो, विणकर रुमालानं कपाळ दाबून बसला होता, आणि कारकुनांनी चाचपडत खोबऱ्याचे तुकडे गोळा केले, फुंकले आणि वाटले. एक तुकडा मी पालथा पडलो होतो तिथं माझ्या तोंडाजवळ ठेवला. "नारळ फुटला," ते म्हणाले. "आता पुढच्या शनिवारी या." माणसाला हाकलायचं असलं की आपण त्याच्या हातात नारळ देतो. या माणसांनी मला फोडलेला नारळ दिला आणि परत या म्हणाले, याचा मला मारापेक्षा जास्त राग आला.

घरी गेलो तो धुमसत. बायको ओट्याशी उभी होती. "कसले शरण आन् कसलं काय!" मी ओरडलो. "दारुडे हायेत सगळे, दारुडे! मला तिथं धाडलीस?" हात उगारलेला होता. वरवंटा जागेवर नव्हता, तेवढं पाहिलं मी.

"अय्यो!" तिनं डावा हात तोंडावर ठेवला. "दारुडे? मला काय ठावं! सिस्टर शरण म्हणल्या, मला वाटलं आपले शरण." आणि ती इतकी घाबरीघुबरी, इतकी खुळ्यासारखी माझ्याकडे बघत राहिली की मला हसू फुटलं. दारूला शरण गेलेल्यांची बैठक, आणि ही बया मला हार-नारळ देऊन धाडते! माझा हात खाली आला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा तो कुणाला न लागता खाली आला. येडी हाय, भोळी हाय, म्हणत मी आडवा झालो.

गुरुवारी दुपारी गिरणीत ओळीच्या शेवटी तो विणकर उभा होता. कपाळाला पट्टी, हातात ज्वारीचा डबा. मी हातोडी जवळ ओढली. बायका दळून घेऊन गेल्या तसा तो पुढं सरकत राहिला आणि त्याची पाळी आल्यावर डबा ठेवून म्हणाला, "दळून द्या, अण्णा."

मी दळून दिलं. त्यानं चिमूटभर पीठ बोटांत घेऊन चोळलं, नाकाशी नेलं. "करपलंय. टाकी लावा की."

त्याच वाक्यासाठी मी बायकोचा हात मोडला होता. एक वाजायला आला होता, पाय बोळाकडे ओढत होते, हात थरथरत होते. "लावता येत न्हाय," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदा कुणाला तरी खरं बोललो.

"मी बसतो," तो म्हणाला. मोटर बंद केली, वरचा दगड दोघांनी मिळून उलटा केला. त्यानं छिन्नी धरली आणि मी हातोडी मारली. धरायचं काम त्यानं स्वतःहून घेतलं. तीन वेळा हातोडी त्याच्या बोटांवर बसली. नख काळं पडलं, तो "म्म" म्हणायचा आणि छिन्नी परत खाचेवर ठेवायचा. "मी पन पैल्या दिवशी कारकुनांच्या कानाखाली मारलो हुतो," मधेच म्हणाला. "त्यांना अजून डाव्या कानानं कमी आयकू येतंय." पाच वाजले तेव्हा दगड खरखरीत झाला होता आणि त्या दुपारी मी गुत्त्यात गेलो नव्हतो.

शनिवारी गेलो. तोंड उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. मधले दिवस कसे गेले ते सांगण्यात शोभा नाही: उलट्या, घाम, अंगावर पिठातल्या अळ्या चढतायत असं वाटून स्वतःलाच ओरबाडणं. एकदा मी स्वतःचं डोकं गिरणीच्या खांबावर आपटून घेतलं, कारण कुणाला तरी मारल्याशिवाय राहवत नव्हतं आणि जवळ मीच होतो. बायको डाव्या हातानं कसाबसा भात टाकायची. वरवंटा अजून डब्यामागंच असायचा.

संक्रांत उजाडली. सासरे दुपारी येणार होते. घरात बायकोची ट्रंक भरलेली दिसली. मुलीचे दोन फ्रॉक वरती. कुणी मला काही म्हणालं नव्हतं, तरी मी चिडलो. भरलीच आहे ट्रंक, तर कशाला सोसायचं? चोराच्या मनात चांदणं. एक वाजता मी गुत्त्यात बाकावर बसलेला होतो, समोर भरलेला ग्लास, शर्टाची वरची गुंडी लावलेली.

ग्लास उचलला तोच टांगेवाला आत आला. अड्ड्यावरून त्यानं मला बोळात वळताना पाहिलं होतं. त्यानं माझ्या हातावर चाबकाचा दांडा मारला, सगळी दारू माझ्या शर्टावर सांडली. मी त्याच्या पोटात गुद्दा मारला. त्यानं माझी मानगूट धरून मला बोळात ओढलं आणि मग आम्ही कुत्र्यांसारखे भांडलो. लोक जमले. मी त्याची दाढी उपटायला गेलो, त्यानं डोक्यानं माझ्या तोंडावर टक्कर मारली, पुढचा दात पडला. तो माझ्या छातीवर बसून धापा टाकत होता, त्याच्याही नाकातून रक्त माझ्यावर पडत होतं. "पिया क्या?" त्यानं विचारलं. मी मान हलवली, नाही. "तो जा," तो म्हणाला आणि उठला.

घरी पोचलो तेव्हा सासरे चटईवर बसले होते. रक्तानं भरलेलं तोंड, दारूनं भिजलेला शर्ट, असा जावई दारात. ते उठले आणि त्यांनी ट्रंक उचलली. मुलगी आईच्या पदरामागं गेली.

मी शर्ट काढून बाहेर फेकला. गळ्यात नुसतं लिंग. सासऱ्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसलो. "मामा, शर्टाचा वास घिऊ नका," मी म्हणालो. "तोंडाचा घ्या." आणि तोंड उघडलं.

सोवळ्यातला माणूस तो. ट्रंक खाली ठेवून वाकले आणि माझ्या रक्तानं भरलेल्या तोंडाशी नाक आणलं. माझ्या ओठांतून लाळ आणि रक्त चटईवर पडत होतं. लाजेनं मेलो असतो तर बरं, असं वाटत होतं, आणि जगात त्या नाकाशिवाय मला काही दिसत नव्हतं.

"रगत हाय," ते सरळ होत म्हणाले. "दारू न्हाय." मग लेकीकडे वळले. "काय करतीस, यव्वा?"

बायकोनं ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साकु म्हनायची येळ आली तर मी सांगीन, अप्पा," ती म्हणाली. "आज न्हाय."

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी मी बैठकीत उठून ते वाक्य बोललो. मी दारुडा आहे. मी माझ्या बायकोचा हात मोडला. विणकरानं माझ्याकडे काळ्या नखाचा हात पुढं केला, तो मी धरला.

हात जुळला, पण मनगट वाकडंच राहिलं. तेव्हापासून तिची भाकरी एका कडेला जाड येते. मी ती कड आधी खातो. त्यात पुण्य नाही. ती नीट भाजत नाही, कच्ची राहते, आणि ती मुलीच्या ताटात जाऊ नये एवढंच.

बैठक वाढली. तिघांची बारा माणसं झाली. नवा कुणी बिथरलेला आला की कारकून माझ्याकडे बघायचे आणि मी माझी नारळाची गोष्ट सांगायचो. ती इतकी रंगायची की लोक बाक बडवायचे. मी विभूतीचे पट्टे कसे ओढले, तसबीर कशी शोधली, आणि शेवटी, "माजी बायको भोळी हो! तिला शरण म्हणजे शरणच वाटले!" तेच दळण मी तीन वर्षं दळलं.

तिसऱ्या वर्षी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. बायको पहिल्यांदाच त्या वर्गात आली, मुलीला घेऊन बुटक्या बाकावर बसली. मी गोष्ट सांगितली. तिच्यासमोर सांगायची म्हणून जरा जास्तच तिखटमीठ लावून. लोक हसून हसून डोळे पुसत होते. मुलगीही हसली. बायको हसली नाही. तिनं पदराखाली मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं.

टांगेवाल्यानं आम्हाला घरी सोडलं. दिवस अजून मावळला नव्हता. मुलगी पुढं त्याच्याशेजारी बसली होती. मी लाडात आलो होतो, बायकोला कोपरानं डिवचून म्हणालो, "काय मग, भोळे?"

"सिस्टर 'दारुड्यांची बैठक' म्हणल्या हुत्या," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "शरण म्या घातलं."

मला कळेना. "म्हंजे?"

"माज्या बापाच्या घरात रोज शरणांची नावं घेतात. शरण म्हंजे काय आन् दारुडे म्हंजे काय, मला कळत न्हाय व्हय?" तिच्या आवाजात राग नव्हता. मला राग सोसला असता. "दारुड्यांच्यात जावा म्हणून खरं सांगितलं असतं, तर ह्यो दुसरा बी हात मोडला असता की तुमी."

नाही मोडला असता, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ लागली आणि तोंड मिटलं. ज्या शब्दावर मी तीन वर्षं उभा होतो, तो मोडक्या हाताच्या बाईनं जीव मुठीत धरून रचलेला होता. आणि मी हात उगारून परत आलो तेव्हा ती खुळी झाली, खुळी राहिली, आणि मी तिच्या खुळेपणावर लोकांना हसवत राहिलो.

घर आलं. ती आत गेली, डब्यामागचा वरवंटा एका हातानं उचलून पाट्यावर ठेवला आणि चटणी वाटायला बसली.

गोष्ट मी अजून सांगतो, नवा माणूस आला की. शेवटचं वाक्य तेवढं बदललंय. आता कुणी हसत नाही.